शकूआत्याच्या रागाचा तक्ता

"आत्या, कालची तुझी आमटी अगदीच पाणचट झाली होती गं," मी म्हटलं.

शकूआत्या काठी खांद्यावर उचलून उभी होती. समोर लाकडी खुंटीवर पांढरा चेंडू, पुढे नाला, नाल्यापलीकडे गवत आणि त्यापलीकडे पहिल्या भोकाचं निशाण. तिने काठी तशीच हवेत धरली आणि फक्त मान माझ्याकडे वळवली.

"काय म्हणालीस?"

"आमटी. पाणचट. मी आईला म्हटलंसुद्धा, आत्याचा हात हल्ली बिघडलाय."

"माझा हात बिघडलाय? वाट्यावर वाट्या ओरपत होतीस, तेव्हा नाही लागली ती पाणचट?"

आणि काठी खाडकन खाली आली. चेंडू जो सुटला तो नाला ओलांडून गवताच्या मधोमध जाऊन पडला. एरवी आत्याचा चेंडू नाल्याकडे माहेराला निघाल्यासारखा जायचा.

"वा वहिनी, वा! काय सुंदर फटका!" समोरच्या जोडीतल्या खर्डेकर साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मी पाठ फिरवली, फळीला लावलेल्या आलेखाच्या कागदावर लाल पेन्सिलीने एक ठिपका दिला आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. आमटी झकास झाली होती. पण खरं बोलून चालणार नव्हतं. दिवाळी चषकाची अंतिम फेरी होती आणि संपूर्ण नऊ भोकं मला माझ्या सख्ख्या आत्याला चिडवत ठेवायचं होतं.

ही तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची वसाहत कागद कारखान्याची, धरणाच्या पायथ्याशी. कुणा हौशी साहेबाने कधीकाळी तिथे नऊ भोकांचं गोल्फचं मैदान आखून ठेवलं होतं. भोकाभोवती मखमली हिरवळ वगैरे आमच्याकडे नव्हती, तेवढं पाणी कोण देणार? भोकाभोवती वाळूचं गोल आळं, आणि वाळू उडू नये म्हणून त्यावर जुनं तेल शिंपडलेलं. शेवटचा हलका टोला मारायच्या आधी ज्याने त्याने गोणपाट ओढून आपल्या चेंडूची वाट सारखी करून घ्यायची, अशी पद्धत.

आणि दुसरी पद्धत वेळेची. रविवारी सकाळी सातची पहिली वेळ दिवाळी चषक जिंकणाऱ्या जोडीची, वर्षभर. त्यांच्या मागून बाकीचे पुरुष. बायकांनी यायचं साडेदहानंतर. तोवर ऊन असं चढलेलं असायचं की वाळूतलं तेल तापून वास मारायचा आणि चेंडू त्यात रुतून बसायचा. सातची वेळ सलग सहा वर्षं खर्डेकर साहेब आणि डॉक्टर बेंद्रे यांच्याकडे होती. खर्डेकर साहेब क्लबचे सेक्रेटरी, बोलायला साखरेचा पाक. डॉक्टर कारखान्याच्या दवाखान्यातले, तोंडात कायम सुपारी.

शकूआत्याला ती सातची वेळ हवी होती. चषक नको, फोटो नको. फक्त ती वेळ.

"तुझे भाऊकाका दर रविवारी यायचे ना खेळून," तिने मला एकदा सांगितलं होतं, "तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली असायची. दवाने. दारातूनच ओरडायचे, शकू, आज मैदानावर पहिलं पाऊल आपलं! आणि मी ती पॅन्ट धुवायला टाकायची. एकदा म्हटलं, मला पण न्या. तर म्हणाले, एवढ्या सकाळी तिथे कुठे बायका येतात? मला एकदा त्या दवातून चालायचंय गं शरू. सगळ्यांच्या आधी. बस."

भाऊकाका गेले आणि क्लबच्या नियमाप्रमाणे त्यांचं सभासदत्व आत्याकडे आलं. आत्या वसाहतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून नुकतीच निवृत्त झाली होती. 'नमस्कार, वसाहत एक्स्चेंज' हे तिचे गोड शब्द ऐकत मी लहानाची मोठी झाले. लोक तिकडून वाट्टेल ते बोलायचे, लाईन लागत नाही म्हणून शिव्या घालायचे, आणि ही म्हणायची, 'कृपया थांबा हं, लगेच जोडते.' आत्याचा आवाज चढलेला वसाहतीत कुणी ऐकलेलाच नव्हता. तर या बाईने पाचवारी साडीचा पदर खोचला, पायात कॅनव्हासचे बूट घातले आणि नवऱ्याच्या काठ्यांची पिशवी ओढत साडेदहाच्या उन्हात मैदानावर जायला सुरुवात केली. जोडीदार म्हणून मला धरून नेलं.

माझा खेळ यथातथाच, पण भरवशाचा. लांब जात नसे, वाकडंही जात नसे. आत्याचं मात्र काही सांगता यायचं नाही. एक फटका असा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, आणि पुढचे चार नाल्यात.

मी तेव्हा कारखान्याच्या गुणवत्ता विभागात होते. काम काय, तर मशीनवरून उतरणाऱ्या कागदाची जाडी दर तासाला मोजायची आणि आलेखावर ठिपका द्यायचा. ठिपके रेषेबाहेर जायला लागले की बिघाड शोधायचा. मी म्हटलं, आत्याचं तेच करू. तिच्या प्रत्येक फटक्याचा ठिपका द्यायला लागले. काठी कुठली, वारा कुठला, चेंडू किती लांब गेला, किती वाकडा गेला. काही पत्ता लागेना! मग चहा घेतला होता की नाही तेही लिहिलं, सुती साडी की सिंथेटिक तेही लिहिलं. एकादशीचा उपवास झाला, चष्मा झाला. छे! ठिपके आपले रांगोळी विस्कटल्यासारखे.

आणि एका रविवारी क्लबच्या फळ्यावर नवी सूचना लागली. 'महिला सभासदांनी साडेदहापूर्वी मैदानाच्या आसपासही रेंगाळू नये, खेळाडूंचे लक्ष विचलित होते.' आत्याने ती दोनदा वाचली. नाकाचा शेंडा लाल झाला, आणि त्या दिवशीचा तिचा पहिला फटका नाल्यापार गेला. दुसराही. परत येताना सूचना पुन्हा दिसेपर्यंत राग ओसरला होता, आणि तोवर शेवटच्या दोन भोकांवर तिचा खेळ मातीत गेला होता.

मी घरी येऊन आलेख पसरला आणि आठवून आठवून लाल पेन्सिलीने खुणा करत गेले. या दिवशी दूधवाल्याशी वाजलं होतं, लाल. या दिवशी भाच्याच्या लग्नाची बातमी होती, खुशीत होती, काळा. लाल सगळे सरळ रेषेत. काळे सगळे नाल्यात! मी एकटीच खोलीत उड्या मारल्या. आई बघायला आली, काय झालं म्हणून.

"हे लाल काय गं?" आत्याने पुढच्या वेळी कागद पाहून विचारलं.

"वारा," मी म्हटलं.

कारण सांगितलं असतं तर झालंच कल्याण. माणूस ठरवून रागावतो का? रागवायला लावायचं तर त्याला कळता कामा नये. मग चार महिने मी तिला बेमालूम चिडवत आले, आणि आम्ही एकेक जोडी हरवत थेट अंतिम फेरीत येऊन पोहोचलो. वसाहतीत बोंब झाली. म्हणजे कौतुकाची आत्याच्या नावाने, आणि माझ्या नावाने वेगळीच. शरू फार उद्धट झालीय हो, असं लोक आईला येऊन सांगायला लागले.

खेळाचा नियम सोपा होता. जोडीला एकच चेंडू, दोघींनी आळीपाळीने मारायचा. नऊ भोकांत ज्यांचे टोले कमी ते जिंकले. बरोबरी झाली तर चषक आणि सातची वेळ गेल्या वर्षीच्या जोडीकडेच.

चिडवण्याचा साठा मी आदल्या दिवशी बसून जमवला होता. आमटीने पहिलं भोक पार पडलं. दुसऱ्यावर रांगोळीचा विषय काढला, तिची रांगोळी म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखी दिसते म्हणून. तिसऱ्यावर म्हटलं, "बाबा सांगत होते, लहानपणी तू गणितात अगदी ढ होतीस."

"ढ? मी?" आत्या फुत्कारली. "तुझ्या बापाला पाढे मी शिकवले! अजून सतराचा येत नाही त्याला, विचार जाऊन!" आणि चेंडू निशाणाच्या काठीवर आदळता आदळता राहिला.

पण माझ्या प्रत्येक वाईट शब्दामागून खर्डेकर साहेबांचा एक गोड शब्द यायचा. "वहिनी, ही निळी साडी काय शोभून दिसतेय!" असं ते चौथ्या भोकावर म्हणाले आणि आत्या लाजली. झालं! चेंडू बाभळीत. "वहिनी, तुमचा आवाज फोनवर ऐकला की दिवस चांगला जायचा हो," असं पाचव्यावर. आत्या हसली. चेंडू आळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांच्या मनात काही नव्हतं बिचाऱ्यांच्या. सभ्य माणूस, तोंडातून गोडच निघायचं. पण मला त्यांचा गळा दाबावासा वाटत होता.

सहाव्यावर मी चकलीचं अस्त्र काढलं. ते मी शेवटासाठी ठेवलं होतं, पण आम्ही एका टोल्याने मागे पडलो होतो.

"आत्या, एक सांगू? चकल्या यंदा मालतीकाकूंच्याच खुसखुशीत झाल्यात."

मालतीकाकू म्हणजे आत्याची जाऊ. दोघींचं चकलीवरून कित्येक वर्षं शीतयुद्ध चाललेलं. आत्याचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरकले.

"शर्वरी," खर्डेकर साहेब मध्ये पडले, "आज सकाळपासून ऐकतोय मी. वडीलधाऱ्यांशी बोलायची ही काय रीत झाली?"

"अगदी," डॉक्टर सुपारीतून म्हणाले. "वहिनी ऐकून घेतात म्हणून काहीही बोलायचं?"

मला वाटलं संपलं. आता आत्याला त्यांचं बरं वाटणार, ती विरघळणार. पण आत्या गर्रकन त्यांच्याकडे वळली.

"साहेब, माझी भाची आहे ती. तिला बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही तुमचा चेंडू शोधा, तो झुडपात गेलाय!"

आणि तिने जो टोला हाणला, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. चकली आणि खर्डेकर, दोन्हींचा राग एकाच चेंडूला मिळाला. बरोबरी झाली. मला हसू आवरेना म्हणून मी काठ्यांच्या पिशवीत डोकं घालून काहीतरी शोधायचं नाटक केलं.

आठव्यावर मात्र घात झाला. साठा संपत आला होता. घाईत मी म्हटलं, "भाऊकाका म्हणायचे, शकूला दिशाच कळत नाही."

आत्याने काठी खाली टेकली आणि ती खुदकन हसली. "अगदी खरं गं! लग्नानंतर पहिल्यांदा एकटी बाजारातून आले, तर सगळी क्वार्टर्स सारखी! शिरले जोश्यांच्या घरात. पिशवी ठेवली, पाणी प्यायले, आणि मग बघते तर भिंतीवर भलत्याच माणसाचा फोटो!" हसता हसताच तिने काठी फिरवली आणि चेंडू सरळ नाल्यात गेला. डुबुक असा आवाज आला. तिला त्याचंही हसू आलं. मी मात्र डोक्याला हात लावला.

नशिबाने डॉक्टरांचाही टोला चुकला आणि नवव्या भोकाला आम्ही बरोबरीतच आलो. कडेला अर्धी वसाहत जमली होती. साहेबांच्या जोडीने सहा टोल्यांत चेंडू भोकात घातला. आमचे चार झाले होते, आणि चौथा मी मारून चेंडू भोकापासून काठीभर अंतरावर आणून ठेवला होता. पाचवा आत्याचा. गेला तर जिंकलो. नाही गेला तर फार तर बरोबरी, म्हणजे सातची वेळ खर्डेकरांचीच.

आणि आत्या खुशीत होती! लोक टाळ्या वाजवत होते, मालतीकाकूसुद्धा हात हलवत होत्या, खर्डेकर साहेब म्हणत होते, "वहिनी, हरलो तरी आनंद आहे, इतकं छान खेळलात." आत्याचे डोळे चमकत होते, गाल फुलले होते. चार महिन्यांत इतक्या खुशीत मारलेला तिचा एकही हलका टोला भोकात गेला नव्हता.

"आत्या, ही साडी तुला..." मी सुरू केलं.

"जा गं! बघ किती लोक आलेत!" ती माझ्या गालाला हात लावून म्हणाली.

"तू म्हातारी दिसतेस."

"आहेच की मी म्हातारी!"

माझ्याकडे काहीच उरलं नाही. होतं ते एकच, आणि ते खरं होतं. मी खूप घाबरले होते. पण तिचं ते दव मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

"आत्या," मी अगदी हळू म्हटलं, "कालची आमटी छान होती."

"काय?"

"रांगोळीपण. चकल्या तुझ्याच चांगल्या आहेत, मालतीकाकूंच्या तर दाताने फुटत नाहीत. बाबा तुझ्या गणिताबद्दल काहीही म्हणाले नाहीत. सगळं मी मुद्दाम बोलले. आजच नाही, चार महिने बोलतेय. तू चिडलीस की तुझा चेंडू सरळ जातो. ते लाल ठिपके वाऱ्याचे नाहीत गं, तुझ्या रागाचे आहेत."

आत्याच्या गालावरचं हसू जागच्या जागी विझलं.

"म्हणजे तू मला मोजत होतीस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी तुला पोटची मानते. तू असं का बोलतेस म्हणून मी रात्ररात्र विचार केला. माझं काही चुकलं का, मुलीला कुणी काही बोललं का. आणि तू कागदाच्या मशीनसारखी माझी बटणं दाबत होतीस?"

"हो," मी म्हटलं. मला रडूच आलं.

"बाजूला हो."

तिने गोणपाट उचललं आणि चेंडूपासून भोकापर्यंतची वाळू ओढून सपाट केली. एकदाच. काठी घेतली, चेंडूकडे पाहिलं आणि टक् करून टोला दिला. चेंडू जराही न वळता भोकात गेला.

मग जो गलका झाला! मालतीकाकू धावत आत आल्या आणि तेलात घसरून बसल्या. डॉक्टरांनी चक्क सुपारी थुंकली. खर्डेकर साहेबांनी दोन्ही हात जोडले. आत्या सगळ्यांना एक्स्चेंजच्या आवाजात "धन्यवाद हं, धन्यवाद" म्हणत राहिली, चषक काखेत मारला आणि माझ्याकडे न बघता घरी निघून गेली.

सोमवारी मी तिच्याकडे गेले तर दाराला आतून कडी. मंगळवारी चकल्यांचा डबा आईच्या हाती आला, माझं नाव न घेता. आईने विचारलं, आता काय केलंस? जिंकलो होतो आणि मला जेवण जात नव्हतं. तो आलेख मी घडी करून कपाटात टाकला. शनिवारी संध्याकाळी फोन वाजला.

"नमस्कार, वसाहत एक्स्चेंज," पलीकडून आवाज आला. "उद्या सकाळी सातची वेळ आहे. कागद घेऊन ये."

मी पावणेसातलाच पोहोचले. आत्या आधीच तिथे होती. बूट तिने काढून बाकाखाली ठेवले होते. उजाडत होतं, आणि अख्ख्या मैदानावर दव पडलं होतं. एकही पाऊल कुठे उमटलेलं नव्हतं.

"आत्या, मी..."

"गप्प बस. चल."

आम्ही निघालो. साडी घोट्यापर्यंत भिजली, मग पोटऱ्यांपर्यंत. आत्या थांबून मागे बघायची, आपल्या पावलांची ओळ बघायची, आणि पुन्हा चालायची. मग परत येऊन तिने खुंटीवर चेंडू ठेवला आणि मारला. नाल्यात! दुसरा ठेवला. नाल्यात! तिला हसू फुटलं. मलाही. तिसरा तर काठीला लागलाच नाही, तिथेच खुंटीवरून घरंगळला, आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून हसत सुटलो.

"लिही गं, लिही! सगळे लिही!" तिने डोळे पुसले. "काळे दे, भरपूर काळे!"

तेवढ्यात मागून आवाज आला. साडेसातच्या वेळेचे खर्डेकर साहेब घड्याळाकडे बघत उभे होते. शेजारी डॉक्टर.

"वहिनी, जरा लवकर आवरता का? आमचा खोळंबा होतोय."

आत्या वळली. पदर पुन्हा खोचला, एक हात कमरेवर ठेवला आणि धरणाच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "थांबा हो! तीस वर्षं थांबलेय मी! तुम्ही अर्धा तास थांबा!"

खर्डेकर साहेबांच्या हातातली टोपी खाली पडली. आत्याने पुढचा चेंडू खुंटीवर ठेवला, काठी उचलली आणि खाडकन मारला. चेंडू नाला ओलांडून, दवातून एक लांब रेघ काढत, थेट निशाणापर्यंत गेला.

मी घाईने पेन्सिल काढली आणि तिच्याकडे पाहिलं. आत्या अजून हसतच होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

लाल द्यायचा की काळा, मला कळेना.

"अगं बघत काय बसलीस?" ती ओरडली. "दे काहीतरी!"